न निवणारे सोने

एका राज्यात उन्हाळा आठ महिने मुक्कामाला असे, आणि उरलेल्या चार महिन्यांत लोक त्याच्याच आठवणी काढीत बसत. त्या राज्यात एक रीत होती. नवा राजा किंवा नवी राणी सिंहासनावर बसली की राजपुरोहित तिच्या शेल्याचे टोक राजबैलाच्या दाव्याला बांधी आणि मंत्र म्हणे. याला श्वासगाठ म्हणत. त्या घटकेपासून बैलाचे सुखदुःख ते सिंहासनाचे सुखदुःख. बैल उपाशी राहिला तर राजाच्या पोटात कावळे ओरडत. बैलाच्या खुरात काटा रुतला तर राजा लंगडत दरबारात येई. पूर्वजांनी ही रीत का घातली असावी, हे शहाण्याला सांगायला नको. त्या राज्यात बैलावर आसूड उगारलेला कोणी पाहिला नव्हता.

राणी शशिप्रभा गादीवर आली तेव्हा तिची श्वासगाठ धवळ नावाच्या बैलाशी पडली. काय तो बैल! अंग शंखासारखे पांढरे, शिंगे पुरुषभर उंच आणि चंद्रकोरीसारखी वळलेली. पाठीवर खांद्यापाशी भरघोस वशिंड. हनुवटीपासून निघून पुढच्या पायांच्या मध्ये उतरलेली गळ्याची सैल, लोंबती कातडी, जिला गुराखी पोळी म्हणतात. तो चालताना ती अशी झुले की पाहणाऱ्याची मानही तिच्याबरोबर हले. गुराखी त्याच्याकडे नुसते पाहत राहत. दरबारी लोकांनी मात्र पाहिले आणि त्यांना वाटले, याला काहीतरी घालायला हवे.

दरबारी माणसाचे प्रेम असेच असते. ते नुसते पाहून भागत नाही.

त्याच वर्षी जुन्या टेकडीखाली सोन्याचा हंडा सापडला. ते सोने हाताला ऊन लागे. पहाटे ऊन, सायंकाळी ऊन, पाण्यात बुडवले तरी ऊन. प्रधान बहुश्रुत म्हणाले, "हे शुभलक्षण आहे. असे तेजस्वी सोने राजबैलाच्याच अंगावर शोभेल." मग त्या सोन्याच्या दोन लांब खोळी झाल्या, त्या धवळाच्या शिंगांवर बुडापासून टोकापर्यंत चढल्या. एक रत्नजडित पट्टा झाला. लोंबती पोळी चिखलाला लागते, बरे दिसत नाही, म्हणून ती वर दुमडून गळ्याशी त्या पट्ट्याने आवळली. उरलेल्या सोन्याची तार ओढली आणि ती रेवाईच्या हाती दिली.

रेवाई राजवाड्याची शिवणारीण. राणीची पहिली कुंची तिनेच शिवली होती, आणि आईविना वाढलेल्या त्या पोरीला मांडीवर घेऊन सुईत दोरा ओवायला तिनेच शिकवले होते. रेवाईने अकरा महिने बसून लाल मखमलीची झूल शिवली. आत कापसाचा जाड थर, वर सोन्याच्या तारेचे नक्षीकाम, आणि मधोमध, बरोबर वशिंडावर येईल असा, पिसारा फुललेला मोर. असा मोर त्या राज्यात कोणी काढला नव्हता. रेवाईला हे ठाऊक होते, आणि ठाऊक असल्याचे तिच्या चालण्यातही दिसे.

वैशाखाच्या शुद्ध तृतीयेला वाजतगाजत तिन्ही अलंकार धवळावर चढले. त्याच दुपारी राणीला ताप भरला.

राजवैद्यांनी चंदन लावले, वाळ्याचे पडदे भिजवले, ताडाचे पंखे हलवले. राणीचे कपाळ तव्यासारखे राहिले. दरबाराने विचार केला आणि ठरवले की बैलाच्या मानात काही उणे पडले असावे. त्यांनी झुलीच्या काठाला आणखी झालर लावली. राणीचा ताप आणखी चढला. चौथ्या दिवशी गोठ्यातली म्हातारी गवळण म्हणाली, "अवो, त्या जनावराची जीभ भाईर आलीया. ते सारं उतरवा की." आणि तिचे ऐकावे असे पहिल्यांदा कोणाला वाटले. पण खोळी उतरेनात. पट्ट्याची कडी उघडेना. झुलीला कात्री लावली तर कात्रीच वितळली.

तेव्हा सोन्यातून आवाज आला. "मी मांत्रिक अंगारक. हे सोने मी माझ्या अग्नीत तापवून पुरले होते. ते निवत नाही आणि सोडत नाही. ज्या अवयवावर ते चढले आहे, तो अवयव वैशाखात कोणते काम करतो, हे जो बैलाच्या कानात सांगेल, त्याच्यासाठी ते उतरेल. मात्र ते त्याला स्वतःच्या अंगाने कळलेले असावे. ऐकीव बोलाल, तर सोने आवळेल. तीन माध्यान्हे देतो. तिसऱ्या माध्यान्ही बैल बसेल, आणि तो बसला की उठणार नाही."

सगळ्यांनी राणीच्या महालाकडे पाहिले. बैल उठला नाही, तर राणीही उठणार नव्हती.

पंडित पुढे झाले. एक म्हणाला, शिंगे हे शस्त्र आहे. खोळी करकरून आवळल्या. दुसरा म्हणाला, गळ्याची पोळी ही शोभा आहे. पट्टा दोन बोटे आत रुतला. तिसरा म्हणाला, वशिंड हे जू ठेवण्यासाठी आहे. झुलीने धवळाला अशी मिठी मारली की महालात राणी किंचाळली. चौथा पंडित पुढे आला नाही. विद्वत्तेचा तेवढाच उपयोग त्या दिवशी झाला.

रेवाई गोठ्याच्या दाराशी बसून हे पाहत होती. झुलीतला कापूस तिने हाताने दाबून भरला होता, आणि भरताना तिच्या मनात एकदाही बैल आला नव्हता. मोर आला होता. इतक्यात कुंपणावर एक गायबगळा उतरला. हे पक्षी गुरांच्या पायांत हिंडतात आणि पाठीवर बसतात, म्हणून त्यांना गुरांचे सगळे माहीत असते.

"बाई," बगळा म्हणाला, "उत्तरे मला ठाऊक आहेत."

"मग सांगा, पक्षिराज."

"सांगितली तर ती ऐकीव होतील. तुम्हाला चालावे लागेल." त्याने आपले एक पीस टाकले. "हे मुठीत धरा. तुमचे एक पाऊल एका कोसाचे होईल. पहिला दिवस डोंगरावर, दुसरा दरीत, तिसरा अंगारकाच्या माळावर."

"मीच का?"

"पंडितांना शस्त्र आणि शोभा दिसली. तुम्ही आत्ता त्याच्या जिभेकडे पाहत होता."

रेवाईने पीस मुठीत घेतले आणि पहिले पाऊल टाकले.

डोंगरावर एक चेटकीण राहत असे. तिच्याजवळ एक पांढरी गाय होती, तिची शिंगे वडाच्या फांद्यांएवढी. चेटकीण म्हणाली, "सूर्य उगवल्यापासून डोक्यावर येईपर्यंत हिची शिंगे दोन्ही हातांनी धरून उभी राहा. हात सुटला तर तुझा दगड होईल." मागे दगडांची रांग होती. त्यांतल्या काहींच्या डोक्यावर पागोटी होती.

रेवाईने शिंगे धरली. डोंगराच्या गार पहाटे ती शिंगे दगडासारखी थंड होती. रेवाईला वाटले, मेलेलीच वस्तू धरली आहे, नखासारखी. ऊन चढू लागले. गाय श्वास जोराने घेऊ लागली. आणि शिंग बुडाशी कोमट झाले. मग ऊन झाले. मग रेवाईच्या तळव्याखाली काहीतरी ठक ठक करू लागले. तिला आधी वाटले, आपलीच नाडी. पण आपली नाडी ती ओळखत होती. ही दुसरी होती, संथ आणि मोठी. वरची साल कठीण, आणि आतल्या हाडाच्या गाभ्यात रक्त फिरत होते. गाय तापली तसे तिने जास्त रक्त वर धाडले होते. ते रक्त डोक्यावरच्या वाऱ्यात शिंगातून हिंडे, आपली आग हवेला देई आणि थोडे निवून खाली परते. बुडाशी शिंग ऊन, टोकाशी गार. रेवाईचे तळवे भाजत होते, पण तिला हसू आले. गाय डोक्यावर दोन धुरांडी घेऊन हिंडते आणि आपण इतकी वर्षे त्यांना नुसता रंग देत आलो.

सूर्य माथ्यावर आला. चेटकीण म्हणाली, "जा." पहिले माध्यान्ह गेले. दूर राजवाड्यात धवळाच्या तोंडाला फेस आला होता, आणि राणीने पाणी मागणे सोडले होते.

दुसऱ्या दिवशी दरी. दरीत एक राक्षस होता, त्याच्यासमोर चुलीवर पेजेचा रांजण रटरटत होता. दरीत वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

"मामा, नमस्कार," रेवाई म्हणाली. राक्षसाला मामा म्हणावे एवढे तिला कळत होते. मामाला भाचीला खाता येत नाही.

राक्षसाचा चेहरा पडला. "भाची असशील तर माझी पेज निवव. फुंकर घालायची नाही, पाणी ओतायचे नाही. मी शंभर श्वास घेईन. तेवढ्यात निवली नाही, तर नाते विसरेन."

रेवाईने रांजण ढवळला. दहा श्वास गेले. वरची साय हलली, खाली पेज तशीच रटरटत राहिली. तिने रांजण सावलीला ओढला. आणखी तीस श्वास गेले. मग तिने राक्षसाच्या स्वयंपाकघरात नजर टाकली, आणि बैलगाडीच्या चाकाएवढ्या पराती उतरंडीला लावलेल्या दिसल्या. तिने एकेक ओढली आणि रांजण त्यांत पालथा केला. पेज बोटभर जाडीने पसरली. तिच्यातून वाफ अशी उठली की राक्षस दिसेनासा झाला. नव्वदाव्या श्वासाला रेवाईने बोट बुडवले. कोमट.

राक्षस पराती तोंडाला लावून पिऊ लागला, आणि रेवाई त्या पसरट परातींकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे धवळाचा गळा उभा राहिला. ती सैल कातडी, तिच्या घड्या, तिचा पातळपणा. त्या पोळीत मांस नाही, तिने ओझे उचलायचे नाही, तिने कोणाला मारायचे नाही. ती परात आहे. बैलाच्या पोटातले तापलेले रक्त तिच्यात पसरते, घडी घडीतून, आणि पाऊल टाकताना ती हलते तेव्हा वारा दोन्ही अंगांनी तिला लागतो. जेवढी कातडी जास्त, तेवढी आग बाहेर. आणि आपण ती चिखलाला लागते म्हणून गुंडाळून बांधली.

"मामा, येते," ती म्हणाली.

"भाची, पुढे कोणाला इकडे पाठवशील तर त्याला मामा म्हणायला शिकवू नकोस," राक्षस म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगारकाचा माळ. गवत नाही, झाड एकच, तेही माळाच्या पलीकडच्या टोकाला. अंगारक शिळेवर बसला होता आणि शिळा लाल झाली होती. बाजूला त्याच्या पांढऱ्या गायींचा कळप उभा होता.

"माझ्या गायींबरोबर त्या झाडापर्यंत चाल," तो म्हणाला. "वाटेत हवे तर हे पांघर." आणि त्याने एक झूल पुढे टाकली.

रेवाईने ती उचलून उजेडात धरली. त्या झुलीवर शंभर मोर होते. आपला मोर त्यांच्यापुढे कोंबडा वाटावा, असे. तिने ती खांद्यावर घेतली. कोणीही शहाणा माणूस वैशाखात मखमल पांघरणार नाही, पण शिवणारणीला चांगले काम हातातून सोडवत नाही. पीस कनवटीला खोचून ती गायींबरोबर साध्या पावलांनी चालू लागली.

शंभर पावले झाली आणि घाम फुटला. दोनशे झाली आणि घाम आतच मुरू लागला, त्याला जायला वाट नव्हती. तीनशेव्या पावलाला माळ फिरू लागला. ती शेजारच्या गाईवर रेलली. गाय शांत चालत होती, रवंथ करीत. रेवाईला तिचा राग आला. असे काय आहे हिच्यात?

गाईच्या पाठीवरून ऊन असे परतत होते की रेवाईने डोळे मिटले. मग उघडले आणि शिवणारणीच्या नजरेने पाहिले. केस आखूड, चापूनचोपून बसलेले, गुळगुळीत. असे कापड विणता येत नाही. तिने नखाने केस बाजूला केले. खाली कातडी काळी होती. वर पांढरे, ऊन परतवायला. खाली काळे, जे ऊन आत शिरेल त्याने मांस पोळू नये म्हणून. आणि केसांच्या मुळाशी घामाचे बारीक थेंब, ते दिसतात न दिसतात तोच हवा उचलून नेत होती. रेवाईने तळवा गाईच्या बरगडीवर ठेवला. हाताला चरबी लागली नाही, कातडीखाली लगेच बरगडी. गाय खाऊनपिऊन तुकतुकीत होती, मग चरबी गेली कुठे? हात वर सरकत वशिंडावर आला. तिथे होती. सगळी तिथे, एका जागी, गुंडाळून ठेवलेली.

रेवाई उभीच राहिली. दर उन्हाळ्यात तीही हेच करी. घरातल्या साऱ्या गोधड्या घडी घालून एकीवर एक रचून कोपऱ्यात ठेवी. अंगावर घेत नसे. गाईने आपली गोधडी पाठीवर एका कोपऱ्यात रचून ठेवली होती, म्हणजे बाकीचे अंग मोकळे राहावे आणि आतली आग कातडीवाटे निघून जावी. आणि रेवाईने त्या मोकळ्या अंगावर अकरा महिने खपून दुसरी गोधडी शिवली होती, वर मोर काढून.

तिला रडू आले. तिने शंभर मोरांची झूल मातीत टाकली आणि गाईच्या सावलीने झाडापर्यंत गेली.

अंगारक झाडाखाली उभा होता. "कळले," तो म्हणाला. "खोळी आणि पट्टा तुझ्या बोलण्याने उतरतील. झुलीवर मात्र माझे सोने आहे आणि टाका तुझा आहे. तो तुलाच उसवावा लागेल. दुसऱ्याचा हात लागला तर ती आवळेल."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कशाचा? माझे सोने तुम्ही उकरून काढले, मी काढू दिले. गायी मी उघड्या ठेवतो." तो पुन्हा शिळेवर जाऊन बसला.

रेवाई गोठ्यात शिरली तेव्हा सूर्य माथ्याला हातभर राहिला होता. धवळाचा एक गुडघा टेकला होता. राणीला लोकांनी त्याच्याजवळ आणून निजवले होते, आणि तिचे डोळे उघडे असून कोणाला ओळखत नव्हते. रेवाई बैलाच्या कानाशी वाकली.

"बाबा, तुझ्या शिंगांत रक्त हिंडते आणि वाऱ्याला आपली आग देते. मी हातांनी धरून पाहिले." खोळी निखळून दगडावर पडल्या.

"तुझ्या गळ्याची पोळी म्हणजे पसरलेली परात. तापलेले रक्त तिच्यात निवते. मी पेज ओतून पाहिली." पट्ट्याची कडी उघडली आणि कातडी खाली झुलली, पट्ट्याचे वळ घेऊन.

"तुझे पांढरे केस ऊन परतवतात, काळी कातडी ते सोसते, घाम वारा नेतो, आणि तुझी गोधडी तू वशिंडात रचून ठेवलीस, म्हणजे अंग मोकळे राहावे. तुझ्या मोकळ्या अंगावर मीच झूल चढवली. मी पांघरून पाहिली."

झूल सैल झाली, पण उतरली नाही. रेवाईने सुई काढली आणि सगळ्यात आधी मोर धरला, कारण तो वशिंडावर होता. टाका उचलायचा, तार ओढायची. तार आता निखाऱ्यासारखी होती. पिसाऱ्याचा एकेक डोळा सुटत गेला तशी तिच्या बोटांची कातडी सुटत गेली. हा मोर तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले काम होते. तिला त्याचे फार वाईट वाटले, आणि तिने हात थांबवला नाही. प्रधान बहुश्रुत मदतीला पुढे झाले, तेव्हा गवळणीने त्यांना दंडाला धरून मागे ओढले. मोर गेला, वेल गेली, काठ गेला. कापूस बाहेर लोंबला. धवळाचा दुसरा गुडघा वाकू लागला, आणि त्याच क्षणी शेवटचा टाका सुटून मखमल दोन्ही अंगांनी जमिनीवर घसरली.

बैलाच्या पाठीतून वाफ उठली. त्याने अंग थरथरवले, दोन्ही गुडघे सरळ केले आणि उभा राहिला. गवळणीने घागरीमागून घागर त्याच्यावर ओतली आणि त्याला चिंचेच्या सावलीत नेले.

प्रधान हळूच म्हणाले, "आता याला एखादे पातळ रेशीम..." कोणी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. सारा दरबार उभा राहून उघड्या बैलाकडे पाहत होता. इतके दिवस तो समोर होता, पण त्याला असे कोणी पाहिले नव्हते.

थोड्या वेळाने वारा सुटला. धवळाने मान हलवली, गळ्याची पोळी डावीकडून उजवीकडे झुलली. इकडे राणीचा हात उठून आपल्या गळ्यावर गेला.

"रेवाई," ती म्हणाली, "माझ्या गळ्याला गार का लागते आहे?"

रेवाई तिच्याजवळ बसली. तिच्या बोटांना पट्ट्या बांधल्या होत्या, म्हणून तिने मनगटानेच राणीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "तो तुमचा ताप वाऱ्यावर टाकतो आहे, राणीसाहेब. जरा पडून राहा. त्याला त्याचे काम करू द्या."

राणीने डोळे मिटले, आणि सात दिवसांत पहिल्यांदा तिला झोप लागली.

सोने टेकडीखाली परत गेले. धवळ पुढे पुष्कळ वर्षे उघड्या अंगाने जगला. ज्याने ही कहाणी ऐकली त्याचे अंग थंड राहो, आणि ज्याने सांगितली त्याला कोणीतरी तांब्याभर पाणी द्यावे.